परदेशी गार्डमामा

“तुमच्या देशात वांगी कशी दिली?”

घोडनदीच्या आठवडे बाजारात गार्डमामांनी हा प्रश्न टाकला, तेव्हा मी शेजारच्या ढिगातल्या मिरच्या निवडत होते. वांगीवाली म्हातारी न्हावऱ्याकडची. तिनं मान वर करून माणूस नीट न्याहाळला. अंगात रेल्वेचा जुना काळा कोट, त्याची पितळी बटणं जाऊन तिथं सदऱ्याची पांढरी बटणं आलेली. पांढरी दाढी, पायात टायरच्या चपला. बोलणं मात्र तिच्याच घरातल्यासारखं.

“मंजी? तुमचा देश कंचा म्हनायचा?”

“सरकार म्हनतं, हितनं लई लांब हाय.”

“आसंना का. वांग्याला समदे देश सारखेच,” म्हातारी म्हणाली आणि तिनं तागडी उचलली.

मामा खूश झाले. पुढं कित्येक वर्षं ते वांगी तिच्याकडूनच घ्यायचे. पण प्रश्न काही सुटला नाही. तुमच्या देशात रॉकेल कवा येनार? तुमच्या देशात यंदा पावसाचं कसं? न्हाव्यापुढं बसले की तुमच्या देशात केस किती बारीक ठेवतात? गावाला त्याची गंमत वाटायची. सुरुवातीला मलाही वाटली. एकाच चौकात राहता राहता मग कळलं, की हा माणूस विनोद करत नाही, चावतो आहे.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. शिरूरला त्या वेळी सगळे घोडनदीच म्हणत. आमचे हे दौंडला रेल्वेत बुकिंग क्लार्क. शनिवारी एस.टी.नं यायचे आणि सोमवारी भल्या सकाळी परत जायचे. आम्ही भाड्यानं राहत होतो ते घर लहानसंच, पण दगडी आणि नेटकं होतं. वर माळवद, मधे चौक, मागं आड, आणि पुढचं दार नगर रस्त्याला जाणाऱ्या गल्लीत उघडायचं. मालक होते आप्पा. नदीकाठी त्यांचा मळा होता, सोसायटीत आणि नगरपालिकेत वजन होतं. महिन्याच्या महिन्याला ते स्वतः यायचे, चौकात बसून चहा घ्यायचे आणि भाड्याचं नाव न काढता मुलांच्या शाळेची चौकशी करायचे. एवढा चांगला घरमालक मिळाला म्हणून आम्ही स्वतःला नशीबवान समजत होतो.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती, त्या दिवसांतली गोष्ट. एका दुपारी कडी वाजली. दार उघडलं तर हा काळा कोटवाला म्हातारा उंबऱ्यापासून चांगला हातभर लांब, रस्त्यात उभा. शेजारी पत्र्याची ट्रंक.

“बाई, आत येऊ का?”

“आपण कोण?”

“ह्या घरात जलमलो मी. पर आता परदेशी हाय. आत याला परवानगी लागंल.”

मला तो वेडा वाटला. मी दार अर्धवट लोटून घेतलं आणि शेजारच्या मुलीला आप्पांकडे पिटाळलं. आप्पा आले ते जेवता जेवता, उष्ट्या हातानं, अनवाणी. गल्लीच्या तोंडाशी ते थबकले. मग “आरं गार्डा!” असं ओरडून त्यांनी जी मिठी मारली ती सुटेना. दोन पिकल्या केसांचे पुरुष भर रस्त्यात हुंदके देऊन रडत होते आणि आप्पांच्या हाताची आमटी मामांच्या कोटाला लागत होती. ते दृश्य मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढं जे घडलं ते सांगताना हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर आप्पांवर अन्याय होईल.

मामांची हकिगत मला यांच्याकडून कळली. फाळणीच्या वर्षी हे दौंडच्या ऑफिसात नवीन लागले होते आणि मामा तिथं मालगाडीचे गार्ड होते. त्या उन्हाळ्यात सरकारी नोकरांना विचारलं गेलं, हिंदुस्थानात राहणार की पाकिस्तानात जाणार. मामांनी हिंदुस्थान लिहिलं होतं. त्यात विचार करण्यासारखं त्यांना काही वाटलंच नव्हतं. ऑफिसात कागद द्यायला आले तेव्हा तिथल्या हेडक्लार्कनं चष्म्यावरून बघत म्हटलं, “अहो, कशाला आढेवेढे? आज ना उद्या तिकडेच जायचंय तुम्हाला. आत्ता गेलात तर बढती तरी मिळेल.” दोघं-तिघं हसले.

मामांचा राग दौंडात प्रसिद्ध होता. एकदा ड्रायव्हरनं उगाच शिट्टी मारली म्हणून त्यांनी गाडी आडरानात अडवून ठेवली होती. त्या दिवशी त्यांनी कागद परत ओढून घेतला, लिहिलेलं खोडलं आणि पाकिस्तान लिहिलं. वरती, तात्पुरतं की कायमचं अशी विचारणा होती, तिथं कायमचं म्हणून लिहिलं. लेखणी टेबलावर आपटून म्हणाले, “घ्या, झालं समाधान?”

हे म्हणायचे, “दोन शब्द होते गं. पण त्या वेळी कुणी त्यांचा हात धरला नाही. मीही नवीन होतो, मला त्याचा अर्थच कळला नव्हता.”

राग उतरल्यावर मामा धावपळ करायला लागले, पण ‘कायमचं’ लिहिलेलं कुणी बदलून देईना. घरी येऊन बायकोला सांगितलं. मामी घोडनदीच्याच, याच गल्लीतल्या. त्यांनी भाकरी थापता थापता ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, “सही तुमी केली. म्या न्हाई.” त्या गेल्या नाहीत. मामा एकटे कराचीला गेले. वर्षभरात सगळं निवळेल, मग बदली मागून परत येऊ, असा त्यांचा हिशोब होता. वर्षभरात सरहद्दीवर परवाने आले, मग पासपोर्ट आले आणि मामा तिकडचे झाले.

इकडे घर मामांच्या नावावर होतं. मालक पाकिस्तानात गेला म्हणून घराला कस्टोडियनचं, म्हणजे निघून गेलेल्यांची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं, सील लागलं. मामींना एक खोली ठेवली, तीही भाड्यानं. आप्पांनी त्या काळात मामींना काही कमी पडू दिलं नाही. दाणे-पाणी पुरवलं, आजारपणात पुण्याला नेलं, आणि त्या गेल्या तेव्हा जनाज्याला खांदा दिला. मामांना ती बातमी फार उशिरा कळली. नंतर घराचा लिलाव निघाला, तेव्हा आप्पांनी चावडीवर सगळ्यांना सांगितलं, “दोस्ताचं घर हाय. त्याच्यासाठी राखायचं म्हनून घेतोय. कुनी बोली चढवू नका.” गावानं ऐकलं. एकानंही बोली चढवली नाही. घर आप्पांना मातीमोल मिळालं.

मामा आले तेव्हा आप्पा मला म्हणाले, “बाई, मागची खोली रिकामी करून द्या ह्याला. भाडं-बिडं काय न्हाई. घर त्याचंच हाय.”

मामांनी मान हलवली. “भाडं देनार.”

“आरं खुळा का तू?”

“फुकाट ऱ्हायलो तर पावना. भाडं दिलं तर भाडोत्री. पावन्याला ऊठ म्हनता येतं. भाडोत्र्यापायी कोरटात जावं लागतं.”

आप्पा मोठ्यानं हसले. मीही हसले. मामा हसले नव्हते.

असे आम्ही दोघं एका चौकातले भाडोत्री झालो. पोटापाण्यासाठी मामा गॅसबत्त्या दुरुस्त करायचे. लग्नसराईत, उरुसाच्या दिवसांत त्यांच्या दाराशी बत्त्यांची रांग लागायची. मामा उलट्या खोक्यावर बसून पिन मारायचे, वाती बांधायचे आणि गिऱ्हाइकाकडे पाठ करून बोलायचे. ती त्यांची खोड होती. “सगळी नोकरी मागं तोंड करून केली,” ते म्हणायचे. “गाडी कुठं चाललीय ते डायवरला दिसतं. गार्डाला दिसतं ते मागं काय ऱ्हायलं तेवढंच.”

घराच्या बाबतीत मात्र ते असह्य होते. मी भिंतीत खिळा ठोकायला लागले की खोलीतून आवाज यायचा, “बाई, मालकाला इचारलं का?” आडाच्या काठावर मी धुणं आपटलं की, “त्यो दगड माझ्या बापानं बशिवलाय. म्हंजी, आप्पाचा हाय तो. पर जपून.” दर उन्हाळ्याच्या शेवटी ते माळवदावर चढायचे, पांढरी माती पसरायचे, ती पायांनी तुडवायचे. एवढ्या उन्हात या वयात. आप्पांचा थोरला मुलगा एकदा खालून ओरडला, “मामा, आमी गडी लावतो की! तुमी कशाला?” मामा वरूनच म्हणाले, “तुझा गडी माती टाकंल. गळतं कुठं ते त्याला कवा कळायचं?” आणि तुडवत राहिले. घर त्यांना सोडत नव्हतं की ते घराला सोडत नव्हते, देव जाणे.

पाकिस्तानी पासपोर्टवर, मुदतीच्या परवान्यानं राहत असल्यामुळं दर आठवड्याला त्यांना पोलीस चौकीत हजेरी द्यावी लागे. हवालदार आमच्याच गल्लीत वाढलेला. एकदा मी शाळेच्या कामासाठी तिथं गेले होते, तेव्हा हा प्रकार ऐकला.

“नाव?” हवालदारानं विचारलं.

“माझं नाव तुला ठावं न्हाई?”

“मामा, नियम हाय. मला इचारावंच लागतं.”

मामांनी नाव सांगितलं. बापाचं सांगितलं. मग आजोबांचं. “आन् लिही, ह्यांनीच तुझ्या आजीला आडलेली आसताना बैलगाडीत घालून दवाखान्यात नेली. तवा तुझा बाप जलमला.”

“तेवढं लिवायला जागा न्हाई, मामा.”

“मग जागा करा. परदेशी मानसाची समदी माहिती पायजे तुमाला.”

हवालदार बिचारा खाली मान घालून शिक्का मारत होता. मला त्या वेळी मामांचाच राग आला होता. ज्याचा दोष नाही त्याला ते टोचायचे. ज्यांचा दोष होता ते त्यांच्या हाताला कधी लागलेच नाहीत, त्यामुळे समोर येईल त्याच्यावर ते सगळं सांडायचं. शेजारणी त्यांच्याकडे साखर-मीठ मागायला जात नसत. माझी धाकटी त्यांना घाबरायची. पण तिला गोवर झाला तेव्हा हे दौंडला अडकले होते, आणि मामा तीन कोस चालत जाऊन कडुनिंबाचा ताजा डहाळा घेऊन आले. नदीकाठचा जवळचा लिंब त्यांना चालला नाही, कारण त्याच्या पानांवर धूळ असते. डहाळा दारात ठेवला आणि गेले.

कराचीबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाले, “तिथं मला ‘मराठी’ म्हनायचे. माझी उर्दू ऐकून पोरं हसायची. म्यां म्हनायचं, हसा. मला माझा गाव हाय. हितं आलो तर गावानं पाकिस्तानी नाव ठेवलं.” मग बत्तीत जोरजोरानं हवा भरत राहिले.

घर परत विकत घ्यायचं हा त्यांचा ध्यास होता. नागरिकत्वाचा अर्ज केला होता, तो कुठल्या तरी कपाटात पडून होता. पण मामांना तेवढा धीर नव्हता. “नागरिक करतील तवा करतील. घर आधी.” त्यांनी आप्पांकडे विषय काढला, तेव्हा आप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “आरं, माझी कवाबी तयारी हाय. पर कायदा आडवा येतो. परदेशी मानसाला हितं घर घेता येत न्हाई सरकारच्या परवानगीबिगर. तू परवानगी आन. दुसऱ्या दिवशी सही करतो, ही आन तुझी.”

हेच वाक्य मी सहा-सात वर्षं ऐकलं. ओट्यावर, चौकात, गणपतीच्या मांडवात. प्रत्येक वेळी आप्पांचा आवाज तितकाच मायेचा.

मग यांनी कंबर कसली. दर शनिवारी येताना इंग्रजीत मसुदा करून आणायचे, मामांना मराठीत वाचून दाखवायचे. मामा प्रत्येक मसुद्यात ‘कृपा’ हा शब्द दिसला की तो काढायला लावायचे. अर्ज पुण्याला जायचे, तिथून मुंबईला, तिथून दिल्लीला, आणि नव्या शंका घेऊन परत यायचे. एकदा पुण्यात साहेबापुढं तोंडी जबाब झाला. हे बरोबर गेले होते. साहेब तरुण होता, सभ्य होता. त्यानं विचारलं, “आपल्याला परक्या देशात घर का घ्यायचं आहे?”

मामा म्हणाले, “साहेब, घर तर जागचं हाललेलं न्हाई. परकं कोन झालं ते तुमीच ठरवा.”

 हे म्हणाले, तो साहेब नंतर आम्हाला दारापर्यंत सोडायला आला.

त्याचंच काही फळ असेल, किंवा दिल्लीत कुणा भल्या माणसाच्या हाती कागद पडला असेल. पासष्टच्या युद्धाच्या आदल्या वर्षी परवानगी आली. खरोखर आली. मामांनी तो कागद यांच्याकडून दोनदा वाचून घेतला. मग कोट झटकला, पेढे आणले, पहिला मामींच्या कबरीवर ठेवून आले आणि दुसरा माझ्या हातावर ठेवला. “खावा बाई. तुमच्या घरमालकाकडनं हाय.” त्यांना मी इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. दात बरेच पडलेले आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

आप्पा संध्याकाळी आले. चौकात बाजेवर बसले. कागद उलटा-सुलटा करून बघितला. मी चहा टाकायला आत गेले होते, पण आमचा स्वयंपाक चौकाच्या कडेलाच, सगळं ऐकू येई.

“आरं वा,” आप्पा म्हणाले. पण आवाज मिठीतल्या आप्पांचा नव्हता.

“मग कवा करायची सही?”

“करू की. दिवाळी हू दे.”

दिवाळी झाली. मग ऊस तुटायचा होता, तो तुटला. मग थोरल्याच्या मुलीचं लग्न होतं. दर वेळी मामा त्यांच्या मळ्यावर जायचे आणि परत आले की खोलीचं दार लावून घ्यायचे. गावात कुजबूज सुरू झाली होती, की आप्पांच्या मुलांना घर पाडून तिथं दुकानांचे गाळे काढायचे आहेत. नगर रस्त्यावर ट्रकची ये-जा वाढली होती, त्या बाजूच्या प्रत्येक जागेला भाव आला होता.

शेवटी एकदा आप्पा भाड्यासाठी आलेले असताना मामा चौकाच्या मधोमध येऊन उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी पाठ केली नाही. सरळ आप्पांच्या तोंडाकडे बघून विचारलं, “तुला द्यायचं न्हाई का?”

आप्पांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. “तसं न्हाई रं. पर तूच इचार कर. पोरं ऐकत न्हाईत. आन् तुला तरी मागं कोन हाय? बायको न्हाई, लेकरू न्हाई. तू मेलास की घर पुन्यांदा सरकारजमाच ना? त्यापरीस ऱ्हा की सुखानं. जलमभर ऱ्हा. तुला कोन ऊठ म्हनतंय?”

आप्पा हे अगदी समजावणीच्या सुरात बोलले. त्यांना त्यात काही चुकीचं दिसत नव्हतं. ते मला आजही सगळ्यात जास्त टोचतं.

मामा शांत होते. मी रागाची वाट बघत होते. तो आला नाही. ते म्हणाले, “येवढी वर्सं मला वाटायचं, तुझ्या माझ्या मधी सरकार उभं हाय. ते बाजूला झालं, तर मागं तूच उभा.”

आप्पांनी पागोटं चढवलं आणि चहा न घेता गेले. त्यानंतर मामांनी बाजारात तो प्रश्न कुणाला विचारला नाही. वांगीवालीनं एकदा मला विचारलं, “ते लांबच्या देशाचं बाबा आजारी हायती का?”

पुढल्या पावसाळ्याच्या शेवटी युद्ध पेटलं. रात्री दिवे झाकायचा हुकूम आला. आमच्या गल्लीत कुणीतरी उठवलं, की म्हाताऱ्याकडे रेल्वेचा लाल-हिरवा कंदील आहे, तो माळवदावर चढून विमानांना खुणा करतो. ज्यांच्या घरच्या लग्नांत मामांनी दुरुस्त केलेल्या बत्त्या जळल्या होत्या, त्यांनीच हे ऐकलं आणि पुढं सांगितलं. दारावर कुणीतरी कोळशानं काहीबाही लिहिलं. मी ते पुसून काढलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलेलं होतं.

फौजदार चौकशीला आले. मी सांगितलं, कंदिलाला काच नाही, तो गंजलेला आहे, बघा. ते म्हणाले, “बाई, तुम्ही शाळा सांभाळा.” मग त्यांनी आप्पांना बोलावून घेतलं. नगरपालिकेतले वजनदार गृहस्थ, घराचे मालक, लहानपणापासूनचे मित्र. त्यांच्या एका शब्दानं काम झालं असतं, निदान त्या म्हाताऱ्याला कुणी हिडीसफिडीस केली नसती. आप्पा उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, “मानूस चांगला हाय, साहेब. पर मधी दहा वर्सं तिकडं व्हता. त्या वर्सांचं मी काय सांगनार?”

मामा खोलीत ट्रंक भरत होते. त्यांनी हे ऐकलं. सदऱ्याची घडी मोडली होती, ती पुन्हा घातली. बाहेर आले तेव्हा हवालदारानं ट्रंक उचलायला हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला नाही. त्यांना पुण्याला नेलं. बाकीच्या पाकिस्तानी नागरिकांबरोबर त्यांना तिथंच कुठं तरी ठेवलं होतं. हे भेटायचा प्रयत्न करून आले, भेट मिळाली नाही.

त्याच दिवसांत सरकारचा दुसरा हुकूम निघाला. पाकिस्तानी नागरिकांच्या नावावर हिंदुस्थानात जी काही मालमत्ता असेल ती शत्रूची मालमत्ता म्हणून सरकारनं ताब्यात घ्यायची. हे वर्तमानपत्र घेऊन आले आणि ती बातमी माझ्यापुढं धरली. घर मामांच्या नावावर झालं असतं तर दुसऱ्यांदा गेलं असतं. आप्पांनी शब्द मोडला म्हणून ते राहिलं होतं, आप्पांकडे.

ही गोष्ट आप्पांच्याही लक्षात आली. मला वाटतं, त्या दिवशी त्यांना वर्षभरानं नीट झोप लागली असेल. ते गावभर सांगत सुटले. सोसायटीत सांगितलं, देवळात सांगितलं, मला येऊन सांगितलं. “बगा बाई. लोक मला नाव ठेवत व्हते. मी दिलं आसतं तर आज काय झालं आसतं? देवानंच बुद्धी दिली.”   त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं.

मामा सुटून आले ते पुढल्या वर्षी उन्हाळ्यात. अंगातला कोट आता खांद्यावरून ओघळत होता. एस.टी. स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलाशी आप्पा चार माणसांत बसले होते. मीही शाळेतून घरी चालले होते, मामांना पाहून थांबले. आप्पा उठून पुढं आले, पण या वेळी मिठी मारली नाही. हात जरा लांबच ठेवून म्हणाले, “आलास? बरं झालं. ऐकलंस न्हवं, सरकारनं काय केलं ते? तुझ्या नावावर आसतं तर घेतलं आसतं शत्रूचं म्हनून. माझ्यामुळं घर वाचलं, गार्डा.”

बाकड्यावरचे लोक माना डोलवायला लागले. एक जण म्हणाला, “खरं हाय, मामा. आप्पाचे उपकार माना.”

मामांनी ट्रंक खाली ठेवली. त्यांना दम लागला होता. तो खाली बसेपर्यंत ते थांबले.

“व्हय,” ते म्हणाले. “सरकारनं घेतलं आसतं. मग म्यां सरकारला शिव्या घातल्या आसत्या आन् भाकर खाऊन झोपलो आसतो. सरकार माझं कोन लागतं?” त्यांनी आप्पांकडे मान वळवली. “तुला शिव्या देता येत न्हाईत, आप्पा. तोंडाला येतात आन् तिथंच ऱ्हातात. माझ्या बायकोला खांदा दिलास तू.”

 हॉटेलवाल्यानं उगाचच फडक्यानं बाकडं पुसलं. मामांनी ट्रंक उचलली आणि घराच्या दिशेनं न येता परत स्टँडात गेले. दौंडची गाडी लागलेली होती.

त्यानंतर ते घोडनदीला आले नाहीत. दौंडात रेल्वे लाइनीच्या पलीकडे, जुन्या गार्ड लोकांच्या वस्तीत, एका पत्र्याच्या खोलीत राहिले. यांच्याकडे कधीमधी जायचे, चहा घ्यायचे. घराविषयी एक शब्द काढत नसत. नागरिकत्वाच्या अर्जाचं काय झालं म्हणून यांनी विचारलं, तर हातांनी निजण्यापुरती जागा दाखवत म्हणाले, “राहू द्या साहेब. आता कुठल्याबी गावात मी एवढाच मावतो.”

इकडे आप्पांच्या मुलांनी आम्हाला जागा सोडायला सांगितलं. आम्ही सोडली. माळवद उतरवायला गडी आले तेव्हा मातीचे इतके थर निघाले की गाड्याच्या गाड्या भरून नदीवर नेऊन टाकाव्या लागल्या. त्या जागी पाच गाळे आणि वर लॉज झालं.

मामा गेले ते एका हिवाळ्यात, झोपेतच. कळवायला कुणी नव्हतं म्हणून यांनीच घोडनदीला निरोप धाडला, आणि आप्पा मिळेल त्या ट्रकमध्ये बसून दौंडला आले. हे सांगत होते, म्हातारा सगळ्या वाटेत रडत आला असावा, डोळे सुजले होते. परदेशी नागरिक म्हणून पोलिसांना पंचनामा करावा लागला. खोलीच्या दारात हवालदार कागद घेऊन उभा होता. त्यानं यांना विचारलं, हे म्हणाले, मी ओळखीचा. मग तो आप्पांकडे वळला.

“तुम्ही कोण त्यांचे?”

आप्पांनी तोंड उघडलं. मिटलं. आत जमिनीवर झाकून ठेवलेल्या मामांकडे बघितलं. यांना वाटलं, आता ‘दोस्त’ म्हणतील. निदान आता तरी म्हणतील.

“घरमालक,” आप्पा म्हणाले.

हवालदारानं ते लिहून घेतलं.